पन्नास हजार मतांचं घड्याळ

घड्याळाच्या कंपन्या सहसा गिऱ्हाइकाला विचारत बसत नाहीत. काय काढायचं ते त्या ठरवतात, आपण घेतो किंवा सोडून देतो. म्हणून २०१६ च्या मार्चमध्ये टॅग हॉयर या स्विस कंपनीने जे केलं ते या धंद्यात नवलाचंच होतं. हॉयरच्या जुन्या 'ऑटाविया' मालिकेतली सोळा मॉडेलं तिने लोकांपुढे मांडली आणि सांगितलं, यातलं कोणतं पुन्हा काढायचं ते तुम्ही ठरवा. त्याला नाव दिलं 'ऑटाविया कप'. पन्नास हजारांवर मतं पडली. निवडून आलं १९६६ चं, २४४६ मार्क ३ या क्रमांकाचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ. संग्राहक त्याला 'रिंट' म्हणतात, कारण योखेन रिंट हा फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर ते हातावर बांधायचा. १९७० मध्ये मोंझाला शर्यतीच्या आदल्या दिवशी अपघातात तो गेला आणि त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. आजवर तसं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही.

काळी डायल, तीन पांढऱ्या छोट्या तबकड्या, भोवती बारा तासांची फिरती कडा. घड्याळ देखणं आहे, यात वादच नाही. पण निकालात अनपेक्षित असं काहीच नव्हतं. मतदारांत नुसते बघे होते तसे जुन्या हॉयरचे दर्दीही होते. त्या दर्दींना लोकांनी न पाहिलेलं, दुर्लक्षित राहिलेलं एखादं मॉडेल हुडकून काढायची संधी होती. निवडून आलं ते आधीच गाजलेलं, फोटो आणि दंतकथा दोन्ही असलेलं घड्याळ. लग्नाचा मेनू घरातल्या वीस जणांना विचारून ठरवला की शेवटी मसालेभात, जिलबी आणि मठ्ठाच उरतो, तसंच काहीसं. कुणाचीच हरकत नसलेली गोष्ट जिंकते. एखाद्याला जीव ओवाळून टाकावासा वाटतो ती गोष्ट बहुधा पहिल्याच चर्चेत गळते, कारण बाकीच्या एकोणीस जणांना ती मुळीच रुचत नाही.

आता हे घड्याळ मुळात जन्माला कसं आलं ते पाहू. 'ऑटाविया' हे नाव १९३३ पासून मोटारींच्या आणि विमानांच्या डॅशबोर्डावर बसवायच्या एका कालमापकाचं होतं. १९५८ मध्ये हॉयर घराण्यातला तरुण वारस जॅक हॉयर एका मोटार रॅलीत वाटाड्या म्हणून बसला होता. धावत्या गाडीत डॅशबोर्डावरच्या, स्वतःच्याच कंपनीच्या, त्या कालमापकाची डायल वाचताना त्याची एका मिनिटाची गफलत झाली. जिंकता येण्यासारखी रॅली गेली, तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. गडी चिडला. पुढे डॅशबोर्डावरची ती ऑटाविया बंद झाली आणि १९६२ मध्ये तेच नाव घेऊन, एका नजरेत वाचता येईल अशा डायलचं मनगटी क्रोनोग्राफ आलं. चौकोनी ठसठशीत काटे, काळ्यावर पांढरं, डायलवर फापटपसारा नाही. हे सगळं एका माणसाच्या वैतागातून आलं. त्याने कुणाचं मत घेतलं असतं, तर डॅशबोर्डावरचंच थोडं सुधारा, असं उत्तर मिळालं असतं असा माझा अंदाज आहे.

या बाबतीत रोलेक्सच्या डेटोनाची कथा आणखी बोलकी आहे. साठीच्या दशकात या घड्याळाच्या काही डायली जरा चमत्कारिक होत्या. छोट्या तबकड्यांवर आकडे वेगळ्या वळणाचे, रेघांच्या टोकांना बारीक चौकोन. लोकांना त्या आवडल्या नाहीत. दुकानदारांकडे पडून राहिल्या. म्हणजे ज्या एकाच मतदानाला खरी किंमत असते, खिशातून पैसे काढून केलेल्या मतदानाला, त्यात त्या साफ पडल्या. पुढे पॉल न्यूमन या नटाच्या हातावर तशी एक डायल दिसली आणि चक्र फिरलं. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात त्याचं स्वतःचं घड्याळ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरना गेलं. कमी विकल्या म्हणून दुर्मीळ झाल्या, दुर्मीळ झाल्या म्हणून हव्याहव्याशा झाल्या. संग्राहकांच्या निम्म्या आवडी अशा आधीच्या पिढीच्या नावडीवर पोसलेल्या असतात. मग त्यांनाच बोलावून नवी आवड ठरवायला सांगितलं, तर ते मागेच वळून पाहणार.

एवढ्यावरून शौकिनांना काही कळत नाही असं कुणी म्हटलं, तर ते मात्र मला मान्य नाही. कळतं, आणि बारीक कळतं. फक्त ते निवडताना दिसत नाही, नाक मुरडताना दिसतं. २०१७ मध्ये निवडून आलेली ऑटाविया प्रत्यक्ष बाजारात आली तेव्हा काय झालं बघा. जुनं घड्याळ साधारण ३९ मिलिमीटरचं होतं, नवं ४२ चं. जुन्याला हाताने चावी द्यावी लागे. नव्यात 'हॉयर ०२' हे ऐंशी तास चालणारं ऑटोमॅटिक मशीन बसवलं, त्यामुळे घड्याळ जाड झालं. शिवाय सहाच्या जागी तारखेची खिडकी आली, जी जुन्या रिंटमध्ये नव्हती. जाणत्यांनी नेमक्या याच जागांवर बोट ठेवलं. आकार मोठा, पोट सुटलेलं, आणि त्या स्वच्छ डायलला तारखेचं भोक कशाला? मुद्दे बरोबर होते. स्क्रीनवरच्या चित्राला जाडी नसते. मत पडलं ते चित्राला. घड्याळ हाती आलं तेव्हा मतपेटी कधीच बंद झाली होती. कंपनीने त्यांना 'कोणतं हवं' एवढंच विचारलं. 'कसं नको' हे विचारलं असतं, तर त्या पन्नास हजारांतल्या पन्नास जणांनीच दुपारभरात सगळं सांगून टाकलं असतं. आणखी गंमत म्हणजे हे मतदानाचं घड्याळ नेहमीच्या कॅटलॉगात गेलं. मोजक्या नगांची खास आवृत्ती म्हणून त्याच वर्षी निघाली ती दुसरीच, चंदेरी डायलची. जॅक हॉयरचा जन्म १९३२ चा, म्हणून त्याच्या पंचाऐंशीव्या वाढदिवसाला १९३२ नग. तिच्यासाठी मतदान नव्हतं.

एका गोष्टीकडे मात्र जाणत्यांतल्याही बऱ्याच जणांनी डोळेझाक केली, आणि ती मला तारखेच्या खिडकीपेक्षा मोठी वाटते. अंधारात चमकायला काट्यांवर आणि खुणांवर जो रंग लावतात, तो जुन्या घड्याळांत ट्रिशियमचा असे. तो नवा असताना पांढरट दिसायचा, आणि वर्षं लोटली की लोण्यासारखा पिवळा व्हायचा. नव्या ऑटावियावर तो कारखान्यातूनच पिवळसर करून लावला. म्हणजे १९६६ मध्ये दुकानात मिळणारं घड्याळ कुणाला नकोच होतं. हवं होतं ते पन्नास वर्षं दुसऱ्याने वापरलेलं, पण कोरं, वॉरंटीसकट.

इथे मला आमची मुंबई आठवते. 'मुंबई स्पेशल' हा शब्द परदेशातले संग्राहकही वापरतात, आणि कौतुकाने नव्हे. चोरबाजारात, किंवा मुंबईहून टपालाने जगभर जाणाऱ्या पाकिटांत, जुनी फेवर ल्युबा, एचएमटी, सीको ५ अशी घड्याळं असतात. मशीन खरं, केस घासूनपुसून चकचकीत, आणि डायल धुऊन नव्याने रंगवून छापलेली. कधी मूळच्याच रंगात, कधी केशरी, कधी कंपनीने स्वप्नातही न पाहिलेल्या हिरव्यात. भिंगातून पाहिलं की चोरी पकडता येते. अक्षरं जराशी फुगलेली, बाराजवळच्या मिनिटांच्या रेघा खाचेशी न जुळणाऱ्या, 'स्विस मेड' खालच्या कडेत अर्धवट दडलेलं. पाहताक्षणी जाणकार घड्याळ खाली ठेवतो.

मूळची म्हणून खपवलेली रंगवलेली डायल ही फसवणूकच, त्यात शंका नाही. पण 'रंगवलेली आहे' असं सांगून विकणाऱ्याचा गुन्हा नेमका काय? त्याने जुन्याला नवं केलं. स्वित्झर्लंडच्या कारखान्याने नव्याला जुनं केलं. पहिल्याची टिंगल होते, दुसऱ्यासाठी रांग लागते. मला तर मुंबईचा कारागीर गिऱ्हाइकाच्या जास्त जवळचा वाटतो. आपल्याकडे घड्याळ हे लग्नात किंवा बारावी पास झाल्यावर मिळायचं आणि ते नव्यासारखं दिसायला हवं असायचं. डागाळलेली डायल म्हणजे घराण्याची मळलेली चादर. डागाला 'पॅटिना' म्हणून मिरवायला आधी पोट भरलेलं लागतं.

मतदान टाळूनही शौकिनांचं घड्याळ निघू शकतं, याचं उदाहरण ओमेगाचं. २०१२ मध्ये एका डच शौकिनाने दर मंगळवारी ओमेगाचं स्पीडमास्टर मिरवायची प्रथा सुरू केली, आणि ती जगभर पसरली. ओमेगाने त्याला बरोबर घेऊन जानेवारी २०१७ मध्ये 'स्पीडी ट्यूसडे' ही २०१२ नगांची आवृत्ती काढली. सगळे नग ४ तास १५ मिनिटं ४३ सेकंदांत नोंदले गेले. त्यांनी आधार घेतला १९७८ च्या एका अशा स्पीडमास्टरचा, जो नासासाठी बनला होता आणि दुकानात कधी आलाच नव्हता. छोट्या तबकड्यांवरचे आकडे केंद्राकडून बाहेर झुकलेले, दिसायला थोडे विचित्र. सोळा पर्यायांच्या मतदानात हे पहिल्याच झटक्यात बाद झालं असतं. मागे वळून पाहणं इथेही आहेच. पण एका माणसाच्या हट्टाने मागे पाहिलं की निदान कोपऱ्यातलं काही हाती लागतं.

टॅग हॉयरने पुन्हा तसं मतदान घेतलं असतं, तर ते कशाच्या बाजूने गेलं असतं हे सांगायला ज्योतिषी नको. त्याऐवजी २०१९ मध्ये कंपनीने ऑटाविया या नावाखाली नुसतं तीन काट्यांचं, निळ्या-हिरव्या-तपकिरी धुरकट डायलचं घड्याळ आणलं. क्रोनोग्राफच नाही! कुणाला विचारलं नव्हतं, आणि जुने हॉयरप्रेमी भडकले. माझंही मत त्यांच्याच बाजूने होतं. नाव वापरायचं तर निदान स्टार्ट-स्टॉपची बटणं तरी ठेवा. पण त्यातली ती हिरवी, कडेला काळवंडत जाणारी डायल दुकानाच्या काचेआड पाहिली की मी अजून थांबतो. पन्नास वर्षांनी कुणी सोळा ऑटाविया मांडल्या, तर तिचा नंबर त्यात लागेल असं आज कुठल्याही संग्राहकासमोर मी पैज लावून सांगेन, आणि तो हसेल.