अर्धायुष्य आणि अमानत

१८९६ मध्ये बेक्वेरेल यांना आढळले की युरेनियम आपोआप किरण सोडते. पुढे अल्फा, बीटा, गॅमा हे प्रकार ओळखले गेले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. गॅमा किरण कर्करोगावर उपयोगी पडतात. परंतु अणुभट्टीच्या कचऱ्यातील सिझियम-१३७ तीस वर्षांनी निम्मे होते, साठ वर्षांनीही चौथा हिस्सा उरतोच. लाभ घेणारा कबरीत जातो, ओझे नातवंडांवर राहते. मग अजून न जन्मलेल्यांचा आपल्यावर हक्क आहे काय? निश्चितच आहे. अल्लाहने मानवाला पृथ्वीचा खलीफा नेमले, मालक नव्हे. म्हणून हा कचरा काचेत बंदिस्त करून जपणे हीसुद्धा अमानतदारी होय. डोळ्यांना न दिसणाऱ्या हानीचाही हिशेब आखिरतमध्ये द्यावाच लागेल.