खताच्या मागे पाहण्याचा अधिकार

विमा पॉलिसीत किंवा मोबाइलवरून घेतलेल्या झटपट कर्जात कोणी नाडला गेला की अर्थविषयक चर्चांत हटकून एकच निकाल लागतो: माणसाने वाचून सही करायला हवी होती, आणि उपाय म्हणजे आर्थिक साक्षरता. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. कराराचा मसुदा एकाच पक्षाने केलेला असतो आणि त्यातला शब्दही बदलण्याची मुभा दुसऱ्याला नसते. तिथे वाचता येण्याने माणूस फार तर सावध होतो, समर्थ होत नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पाहिला आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला आणि तो पसरत गेला, तेव्हा शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडच्या कर्जखतांवर होता. खते हिसकावून जाळण्यामागे स्पष्ट समज होती. दिवाणी न्यायालय खत पाहत असे, त्यामागचा व्यवहार पाहत नसे. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना साहाय्य देणारा कायदा झाला. खतावर अंगठा असला तरी व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब उलगडून पाहणे हे त्याने न्यायाधीशाचे कर्तव्यच ठरवले. गावपातळीवर मुन्सफ आणि सलोखा घडवणारे मध्यस्थ नेमण्याची सोय केली. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. करार पवित्र मानणाऱ्या व्हिक्टोरियन राजवटीने हे करावे, यातच त्या कायद्याचे मोल आहे.

अशाने पत आटते, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो पोकळ नाही. अनेक सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि कर्ज विक्रीच्या वेषात वावरू लागले. पण यावरून एवढेच सिद्ध होते की न्यायालयाने खरेदीखताच्याही मागे जायला हवे होते. हिशेब उघडताच जी पत आटते, ती ऋणकोच्या अज्ञानावरच उभी असते. तिच्या रक्षणासाठी त्याचे हक्क गहाण टाकावेत असे मला वाटत नाही.

मग कराराच्या मागे जाऊन पाहण्याचे हे काम आज कोणाकडे द्यावे? न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 2013 मध्ये सर्व वित्तीय तक्रारींसाठी एकच निवारण संस्था सुचवली. बँकेची प्रकृती सांभाळणाऱ्यानेच तिच्या ग्राहकाची बाजू घ्यावी, ही अपेक्षा अवघड असल्याने ती सूचना पटते. तरी दोन घटना मला तिथे थांबू देत नाहीत. अमेरिकेत 2008 च्या संकटानंतर खास ग्राहकांसाठी वित्तीय संरक्षण संस्था उभी राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये नव्या प्रशासनाने तिला काम थांबवायला सांगितले. आपल्याकडे एप्रिल 2010 मध्ये भांडवली बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 14 विमा कंपन्यांच्या युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या योजनांवर बंदी घातली, तर विमा नियामकाने ती मानू नका असे कंपन्यांना कळवले. जूनमध्ये वटहुकूम काढून सरकारने विमा नियामकाच्या बाजूने निकाल दिला. मात्र याच भांडणाच्या दबावाखाली विमा नियामकाने त्या वर्षी युलिपवरचे शुल्क आवळले. प्रश्न विचारणारा दुसरा कोणी होता, म्हणून पॉलिसीधारकाच्या पदरी काही पडले. एकाच संस्थेच्या हाती सगळे सोपवले तर हा दुसरा आवाज उरत नाही, आणि सरकारला ती एक संस्था गप्प करणे सोपे जाते.

म्हणून माझा भर जवळच्या न्यायपीठावर आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची व्याख्या आहे. योग्य तो दंड भरायला तयार असलेल्या ऋणकोकडून मुदतपूर्व परतफेड नाकारणे तिच्यात येते. करारभंगाच्या नुकसानीशी प्रमाण न राखणारा दंडही येतो. पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाला ऐकता येत नाही. ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. 1879 चा कायदा न्याय गावापर्यंत नेऊ पाहत होता. 2019 चा कायदा नेमका हा हक्क जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही वर उचलतो. काही हजारांच्या कर्जासाठी त्या पायऱ्या कोण चढणार? जिल्हा आयोगाला हा अधिकार देण्यासाठी नवी संस्था नको, नवा नियामक नको. संसदेने अधिकारक्षेत्राच्या कलमात दुरुस्ती करावी, एवढेच पुरे आहे.