नोकरी बदलते, आजार बदलत नाही

वाचकहो, नोकरी बदलण्यात आज कोणाला काही वावगे वाटत नाही. अधिक वेतन, मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडिलांची सोबत अशा कारणांनी आपली मराठी कुटुंबे इंदूर, बडोदे, हैदराबाद, बंगळूर अशी दूरदूर जात आली आहेत. परंतु ज्या घरात एखादे बालक दीर्घ आजाराने ग्रस्त आहे, तेथे राजीनामा लिहिण्यापूर्वी निराळाच हिशेब मांडावा लागतो. तीव्र थॅलसेमिया असलेल्या मुलाला साधारणतः दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तामुळे शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधे चालू ठेवावी लागतात. वडिलांची नोकरी बदलते, आजार बदलत नाही. मग दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात त्या मुलाचा भार कोणी वाहावा? हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

प्रथम व्यवहार समजून घेऊ. अनेक आस्थापना आपल्या नोकरवर्गासाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी सामूहिक आरोग्य विमा उतरवतात. अशा विम्यात पुष्कळदा जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. यामागे औदार्यापेक्षा गणित अधिक आहे. ही माणसे नोकरीसाठी एकत्र आलेली असतात, विम्यासाठी नव्हे. त्यामुळे केवळ आजारी माणसेच विमा घेतील, ही भीती तेथे नसते. वैयक्तिक विम्यात ती असते, म्हणून तेथे पूर्वीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ ठेवतात. तो पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षे असे. २०२४ साली विमा नियामक प्राधिकरणाने ही मर्यादा तीन वर्षांवर आणली. प्रतीक्षाकाळ मुळात अन्यायकारक आहे, असे म्हणता येणार नाही. घराला आग लागल्यावर विमा उतरवता आला, तर आधी हप्ते कोण भरील?

परंतु हा युक्तिवाद आपल्या बालकाला लागू पडतो काय? त्याच्यासाठी हप्ते वेळेवर भरले गेले होते. कोणी आजार येईपर्यंत थांबून राहिले नव्हते. खंड पडला तो केवळ त्याचे संरक्षण वडिलांच्या नोकरीच्या खुंटीला टांगलेले होते म्हणून. कामगार राज्य विमा योजनेत तर याहून विचित्र प्रसंग येतो. तिची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. अशा मर्यादेच्या थोडे वर वेतन गेले, की चालू अंशदान-काळ व त्याला जोडलेला लाभकाळ संपल्यावर कुटुंब योजनेबाहेर पडते. वडिलांची बढती मुलाला महाग पडते.

येथे मोह उभा राहतो. कोणी सुचवतो, “नव्या अर्जात आजार लिहू नका, पाच वर्षे निभावली, की कंपनीला काही विचारता येणार नाही.” साठ महिन्यांच्या अखंड विम्यानंतर माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हा नियम खरा आहे, मात्र सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे. धोका टळत नाही, हे झाले व्यवहाराचे उत्तर. नीतीचे उत्तर त्याहून कठीण आहे. विम्याचा निधी कंपनीच्या तिजोरीत असला, तरी तो अनेकांच्या हप्त्यांनी भरलेला असतो, आणि त्यातही कोणाची तरी आजारी मुले असतात. आपल्या लेकरासाठी बोललेले असत्य दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातून घास उचलते. म्हणून ते असत्य मला समर्थनीय वाटत नाही. तथापि भयाने ग्रासलेल्या बापाला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. सत्य बोलणाऱ्याचे मूलच उघडे पडेल अशी व्यवस्था आपण चालू देतो, तेव्हा त्या असत्यात आपलाही वाटा असतो.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाचे भाषांतर करताना दोन ग्रीक शब्दांपाशी थांबावे लागते. एकमेकांच्या ओझ्यांविषयी बोलताना पौल ‘बारोस’ हा शब्द योजतो, तर ज्याने त्याने वाहावयाच्या भारासाठी ‘फोर्तिऑन’. पहिला शब्द चिरडणारे वजन सुचवतो, दुसरा प्रवाशाच्या पाठीवरची गठडी. पण हा भेद ताणू नये. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात दुसऱ्यांनी बांधून लोकांच्या खांद्यांवर लादलेल्या जड ओझ्यांनाही ‘फोर्तिऑन’ हाच शब्द आहे. गठडी ज्याची त्याची असली, तरी ती कोणी बांधली हेही पाहावे लागते.

आपल्या प्रश्नात दोन्ही भार आहेत. गठडी बापाची आहे. राजीनाम्यापूर्वी जुन्या विम्याचा शेवटचा दिवस कोणता, हे त्याने लेखी विचारावे. नव्या ठिकाणी कुटुंबीयांच्या जुन्या आजारांना कोणत्या दिवसापासून संरक्षण आहे, हेही विचारावे. सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात जाताना सरलेल्या प्रतीक्षाकाळाचे श्रेय मिळण्याची तरतूद आहे. मात्र अर्ज मुदतीत करावा लागतो आणि कंपनी जोखीम तपासू शकते. म्हणून शक्य असेल त्याने नोकरीत असतानाच, आजार स्पष्ट नमूद करून, लहानसा स्वतंत्र विमा घेऊन ठेवावा.

परंतु चिरडणारे वजन एकट्याचे नव्हे. २०१८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांच्या जुन्या आजारांनाही पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. अमेरिकेत २०१४ पासून जुन्या आजाराच्या कारणावरून आरोग्य विमा नाकारता येत नाही. यावरून एवढे कळते, की ही अडचण निसर्गनियम नाही. समाजाने ठरवले तर ती दूर होते.

आणि समाज म्हणजे दूरचे सरकारच नव्हे. वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण शाळांच्या, रुग्णालयांच्या, वसतिगृहांच्या व्यवस्थापक मंडळांवर बसतात. तेथील कंत्राटी शिक्षिकेचे, परिचारिकेचे मूल आजारी असेल, तर त्याला कोणते संरक्षण आहे? दरवर्षी नेमणूक खंडित करताना त्या मुलाचा विचार होतो काय? पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय अवश्य घ्यावा.