यादीतलं शेवटचं नाव

एक कोरा कागद घ्या. जेवणं आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे, अशा वेळी बसा. कुटुंबासह मेळघाटात चार दिवस राहायला जायचं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या गाविलगडच्या डोंगररांगा, सागाचं जंगल, तापीकडे धावणाऱ्या नद्या. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातली जी पहिली नऊ जंगलं निवडली गेली, त्यांतलं हे एक.

वस्तूंची यादी करायला हात शिवशिवेल. बॅटरी, सतरंज्या, डासांचं मलम, चिवडा. ती यादी होते, कशीही होते. आज माणसांची यादी करू.

डावीकडे एकाखाली एक नावं लिहा आणि प्रत्येक नावाशी जरा थांबा. आजी. तिला रात्री दोनदा उठावं लागतं. घरी भिंत तिच्या ओळखीची असते, दिव्याचं बटण अंधारातही हाताला लागतं. तिथे पायरी कुठे आहे, कडी कशी लागते, हे उजेड असतानाच तिला कोण दाखवणार? धाकटा. त्याला अंधाराची भीती वाटते आणि हे त्यानं अजून कोणाला सांगितलेलं नाही. थोरली. तिथे बऱ्याच भागात फोनला रेंज नसते, हे तिला घाट चढताना कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. बाबा. त्यांना सकाळी सहाला चहा लागतो आणि गाडी हळू चालवणं जिवावर येतं. घाई करू नका. एकेका माणसाला काय लागतं, कशाची धास्ती वाटते, हे एरवी इतक्या निवांतपणे कोण आठवतं?

आता या नावांत असं नाव शोधा ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. बहुतेक घरांत ते आईचं असतं. कोणाच्या गोळ्या कधीच्या, कोणाला काय पचत नाही, कोणाचा स्वेटर कोणत्या कपाटात, हे सगळं ती डोक्यात घेऊन हिंडते. चार दिवस जंगलात गेली तरी घर तिच्या मागोमाग जातं. तिच्या नावापुढे नवं काम लिहू नका. तिच्याकडून काढून घ्यायचं एक काम लिहा, आणि ते कोण करणार त्याचं नाव.

पुढे अंतर. ते किलोमीटरमध्ये मोजू नका. डोळे मिटून त्या रस्त्यानं मनातल्या मनात जा. मुंबईहून रात्रीची रेल्वे, सकाळी बडनेरा किंवा अमरावती. तिथून परतवाडा. हा शेवटचा मोठा बाजार. राहिलं-साहिलं इथेच घ्यायचं. मग घाट, मग सेमाडोह, आणि आणखी आत, सिपना नदीच्या वळणावर कोलकास. वाटेत एकेक सोय मागे पडत जाते. पेट्रोलपंप, एटीएम, औषधाचं दुकान, शेवटी रेंज. कोणती सोय सुटताना छातीत किंचित धडधडतं, ते पाहा. तिथेच थोडं रेंगाळा.

रात्री दोन वाजता आजीच्या छातीत दुखलं तर? अभद्र म्हणून हा विचार झटकू नका, शेवटपर्यंत न्या. एका बाजूला धारणीचं उपजिल्हा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला परतवाडा-अचलपूर, आणि दोन्हीकडे जायला वळणावळणाचा जंगलरस्ता. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री कोणाला उठवायचं? गाडी कोण चालवेल? टाकीत किती पेट्रोल असलं पाहिजे? विचार असा तडीस गेला की भीतीतली बरीचशी वाफ निघून जाते आणि कागदावर दोन-तीन ओळी उरतात. जायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या, ही त्यांतली पहिली ओळ.

तारखेकडे वळा. जुलै ते सप्टेंबर गाभ्यातली सफारी बंद असते, म्हणून डोंगरांचा सगळ्यात हिरवा काळ बाजूला ठेवा. हिवाळ्यात ओढ्यांना पाणी असतं, रान दाट असतं आणि थंडी पांघरुणांची परीक्षा घेते. जनावरं विखुरलेली असतात, सहसा दिसत नाहीत. उन्हाळ्यात सागाची पानं गळतात, नजर लांबवर पोचते, आणि सांबर, गवे, अस्वलं पाणवठ्याकडे येतात. सगळे म्हणतील, मग उन्हाळ्यातच जाऊ. हो म्हणण्याआधी एवढं मनात घोळवा, की त्या दिवसांत जनावरं दिसतात कारण त्यांना दुसरीकडे जायला जागा उरलेली नसते. आपली सोय तिथे कोणाची तरी टंचाई असते. हे कळल्यावरही उन्हाळ्यात जाता येईल. फक्त पाणवठ्यापासून गाडी किती लांब उभी करायची, यावर गाइडशी हुज्जत घालावीशी वाटणार नाही.

उन्हाळ्याचा आणखी एक हिशेब आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. त्याआधीच जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे आग लागली तरी पुढे सरकू नये. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत असतात. एका ठिणगीला तेवढं पुरतं. तेव्हा मनात शेकोटी पेटलेली असेल आणि भोवती गाणी चालली असतील, तर ती आजच विझवा. तंबूचंही तसंच. व्याघ्रप्रकल्पात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. वनखात्याच्या संकुलात, आधी आरक्षण करून राहायचं. सहलीचं जे चित्र मनात होतं त्यातून दोन गोष्टी गेल्या. त्या जाऊ द्या. उरलेल्या चित्रात काय आहे, तिकडे पाहा.

आता शिधा. मेळघाट हे नाव आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा वाचलं ते कुपोषणाच्या बातमीत. ती बातमी आणि आपल्या डब्यातले बेसनाचे लाडू यांच्यात फार तर एका कुडाच्या भिंतीचं अंतर असतं. याचं उत्तर गाडीच्या काचेतून मुलांना बिस्किटं वाटणं नव्हे. त्यानं देणाऱ्याला बरं वाटतं, एवढंच. लागेल तेवढंच नेणं, ताटात काही न टाकणं, जेवण तिथल्या माणसांकडून पैसे मोजून घेणं, हे आपल्या हातात आहे. आणि प्रत्येक पुड्याचं रिकामं वेष्टन परत आणायचं आहे. तेव्हा सामानात एक रिकामी पिशवीही धरा. ती कोण सांभाळणार? धाकट्याला द्या. काम मिळालं की मुलांची भीतीही कमी होते.

जिथे जायचं त्या जंगलाला माणसं आहेत. इथले बहुसंख्य रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मुंडा कुळातली, मराठीपेक्षा झारखंडातल्या संथाळीला जवळची. होळी हा त्यांचा मोठा सण. त्या दिवसांत गेलात तर रस्त्यात अडवून फगवा मागतील. त्यासाठी सुटे पैसे ठेवा, आणि पैशांहून जास्त वेळ ठेवा. जंगलात एखादं मोकळं कुरण दिसेल, गवे चरत असतील, आणि कोणीतरी म्हणेल, माणसाचा पाय न लागलेली जागा. बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्रप्रकल्पासाठी उठून बाहेर वसवली गेली. अशा गावठाणांवर आणि शेतांवर आज गवत आहे. ज्या शांततेसाठी आपण इतक्या लांब जातो, तिची किंमत कोणीतरी आधी मोजलेली आहे. हे वाक्य एकदा हळू वाचा. अपराधी वाटून घ्यायची गरज नाही. मुलांना तेवढं सांगा, आणि गाइडला त्याच्या गावाबद्दल विचारा.

नावांची यादी पुन्हा पुढ्यात घ्या. सगळ्यात खाली एक नाव वाढवा: जंगल. इतरांसाठी केलं तसंच त्याच्यासाठीही करा. त्याला काय लागतं? रात्रीचा अंधार लागतो, म्हणून बॅटरी पायापुरती, झाडांवर नाही. पाणी लागतं, म्हणून नदीत साबण नाही. हळू जाणारी गाडी लागते. बाबांच्या नावापुढे हे आधीच लिहून झालं आहे. शांतता लागते. बुद्धपौर्णिमेच्या रात्री लोक इथे मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजतात. रात्रभर न बोलता बसता येतं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. आपल्याला सुरुवातीला दहा मिनिटं जमली तरी पुष्कळ.

जंगलाला आणखी एक गोष्ट लागते: त्यानं आपल्याला काही दाखवलंच पाहिजे, हा आग्रह सोडणं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर खात्रीनं कोणाला दिसलं नव्हतं. नाहीसं झालं, असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये ते शहाद्याजवळच्या रानात सापडलं, पुढे मेळघाटातही. गंमत म्हणजे हे घुबड दिवसाउजेडी वावरतं. इतकी वर्षं ते सागाच्या फांदीवर बसत होतंच. माणसाच्या नजरेस पडणं हे काही त्याचं काम नव्हतं. वाघाचंही तसंच. मेळघाटचा डोंगराळ, दाट मुलूख वाघाला लपायला उत्तम. ताडोबासारखा तो इथे सहज दिसत नाही.

आरक्षण करण्याआधी म्हणूनच उद्याच्या जेवणात घरातल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: वाघ दिसला नाही तर चालेल? आजी लगेच हो म्हणेल. बाबा थोडा वेळ घेतील. थोरली खांदे उडवेल. तिचंही हो धरा. धाकटा नाही म्हणाला, तर त्याला गप्प करू नका. त्याला रानपिंगळ्याची गोष्ट सांगा आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारा. त्याचं हो आलं की मग तारखा ठरवा.