देव बाजूला ठेवून

लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचं रोजचं कामकाज प्रार्थनेनं सुरू होतं. एक बिशप प्रार्थना म्हणतो, सदस्य बाकांवर गुडघे टेकतात आणि तेवढा वेळ प्रेक्षकांना बाहेर थांबवलं जातं. शुक्रवार, १८ जुलै २०१४ या दिवसाची सुरुवातही अशीच झाली. मग लॉर्ड फाल्कनर उठले आणि त्यांनी आपलं खासगी विधेयक दुसऱ्या वाचनासाठी मांडलं. ज्या सज्ञान रुग्णाच्या हाती सहा महिनेही उरलेले नाहीत आणि ज्याची बुद्धी शाबूत आहे, त्यानं मागितल्यास, दोन डॉक्टरांची खात्री पटल्यावर, स्वतःच्या हातानं घ्यायचं प्राणघातक औषध त्याला मिळावं, एवढंच त्याचं सार. बोलणाऱ्यांची यादी सव्वाशेच्या वर गेली. एकेकाच्या वाट्याला मोजकी मिनिटं आली, तरी चर्चा संध्याकाळपर्यंत चालली.

या सभागृहात इंग्लंडच्या चर्चचे २६ बिशप पदाच्या अधिकारानं बसतात. पांढऱ्या-काळ्या झग्यांमुळे ते लांबूनही ओळखू येतात. त्यांच्या पुढच्या बाकाला हात आहेत, इतरांच्या बाकांना नाहीत. पिऊन आलेला बिशप कलंडू नये म्हणून ही सोय, असा तिथला जुना विनोद आहे. कायदा करण्यात ज्यांना धर्माच्या नात्यानंच जागा दिली आहे, असे लोक लोकशाही देशांच्या संसदांत फारसे सापडत नाहीत. तेव्हा मरणाचा विषय निघाला की देवाची बाजू इथे तरी उघडपणे मांडली जाईल, असं कुणालाही वाटेल.

तसं फारसं झालं नाही.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं आत्महत्येविरुद्ध तीन कारणं दिली होती. ती निसर्गाविरुद्ध आहे. माणूस समाजाचा घटक असल्यानं ती समाजावर अन्याय करते. आणि आयुष्य ही देवाची देणगी असल्यानं ते कधी संपावं हे देवानंच ठरवायचं. चर्चच्या दृष्टीनं खरा भार तिसऱ्या कारणावर. पण कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी विधेयकाला केलेल्या विरोधाचा रोख दुसऱ्यावर होता. पर्याय कायद्यानं खुला झाला, की घरच्यांना आपलं ओझं होतंय या भावनेनं म्हातारी माणसं तो निवडतील, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. शिवाय ती निरीश्वरवाद्यालाही पटू शकते, आणि म्हणूनच ती पुढे केली जाते. तिसरं कारण सभागृहात अवघड पडतं, कारण डेव्हिड ह्यूमनं त्याला अठराव्या शतकातच कोंडीत पकडलं होतं: आयुष्याची लांबी देवानंच ठरवायची असेल, तर डोक्यावर पडणारा दगड चुकवून ती वाढवणं हीसुद्धा ढवळाढवळच ठरते. हा युक्तिवाद ज्या निबंधात आहे, तो त्याच्या हयातीत उघडपणे छापला गेला नाही. १७७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आला.

मग प्रश्न उरतो प्रामाणिकपणाचा. समजा, दबावाची शक्यता शून्यावर आणणारी तरतूद सापडली, तर या धर्मगुरूंचं मत बदललं असतं? बहुतेकांचं नसतंच. म्हणजे मांडलेलं कारण एक, धरून ठेवणारं कारण दुसरं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स याला फसवणूक म्हणणार नाहीत. धार्मिक कारण जरूर आणावं, पण सर्वांना तपासता येईल असं कारणही योग्य वेळी द्यावं, अशी त्यांची अट होती. तडजोड समंजस आहे. पण तिच्यामुळे श्रद्धेचं मूळ म्हणणं तपासलंच जात नाही, हा तोटा श्रद्धाळूंचाही आहे.

त्या वादात सर्वांत उघडं बोलणं झालं ते दोन टोकांकडून. जन्मापासून स्नायूंचा आजार असलेल्या बॅरोनेस कॅम्पबेल यांनी विधेयकाला विरोध केला, तो स्वतःच्या भीतीतून. त्यासाठी त्यांना देवाची गरज पडली नाही. दुसरीकडे, पूर्वी कँटरबरीचे आर्चबिशप राहिलेले जॉर्ज कॅरी, ज्यांनी २००६ साली अशाच विधेयकाला विरोध केला होता, ते आता बाजूनं उभे राहिले. टोनी निकलिन्सन या शरीरानं जखडलेल्या रुग्णाच्या हालांमुळे आपलं मत बदललं, असं त्यांनी सांगितलं. इथे एक खोच आहे. निकलिन्सन मरणपंथाला लागलेले नव्हते, त्यामुळे या विधेयकाचा त्यांना उपयोगच झाला नसता. करुणेनं कॅरींना जिथे नेलं, तिथपर्यंत विधेयक पोचतच नव्हतं.

भारतात नेमका उलटा प्रकार दिसतो. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयानं जैनांचं संथारा, म्हणजे अन्नत्याग करून मरण स्वीकारण्याचं व्रत, हा आत्महत्येचा प्रयत्न ठरवला. ते त्या धर्माचं अत्यावश्यक अंग असल्याचं सिद्ध झालं नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. तिकडे धर्मगुरू समाजशास्त्र बोलत होते, इकडे न्यायाधीश धर्मशास्त्र ठरवत होते. बिशपांनी लपवलेलं कारण इथे जैनांना शाबीत करून दाखवावं लागलं.

अन्नत्यागानं मरण स्वीकारण्याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रानं पवनारच्या आश्रमात पाहिलं आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबा भावे यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं. इंदिरा गांधी येऊन भेटून गेल्या. १५ तारखेला, दिवाळीत, ते गेले. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंडसंहितेचं ३०९ कलम तेव्हा जागेवरच होतं, पण विनोबांच्या तोंडात जबरदस्तीनं घास घालायला कुणी आश्रमात शिरलं नाही. अर्थात विनोबांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. फाल्कनर यांच्या विधेयकात मात्र दुसऱ्या माणसानं औषध लिहून द्यायचं होतं, आणि राज्यसंस्थेनं त्याला तशी मुभा द्यायची होती. मरण्याच्या हक्कापेक्षा त्यात हात घालणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न जास्त कठीण आहे. त्यावर अक्वायनसपेक्षा डॉक्टरांनी जास्त बोलायला हवं.

फाल्कनर यांचं विधेयक दुसऱ्या वाचनात मतदानाविना पुढे सरकलं, पण २०१५च्या निवडणुकीआधी संसदेची मुदत संपली आणि ते बारगळलं. दहा वर्षांनी, २० जून २०२५ रोजी, हाउस ऑफ कॉमन्सनं तशाच धर्तीचं विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत केलं आणि वाद पुन्हा लॉर्ड्समध्ये आला. विरोध करणाऱ्या बिशपांत लंडनच्या सारा मलाली होत्या, आणि त्याच वर्षी त्यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी जाहीर झालं. धर्मसेवेत येण्यापूर्वी त्या कर्करोग रुग्णांच्या परिचारिका होत्या, पुढे इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या. वेदनाशामक सेवा अपुऱ्या असताना मरणाचा पर्याय देऊ नये, असं त्या म्हणतात तेव्हा बोलणारी परिचारिका असते की बिशप, हे सभागृहात कुणी विचारत नाही. विचारायला हवं, आणि उत्तर त्यांनीच द्यायला हवं.