करवंदीचे काटे



मागच्या रविवारी धर्मशिक्षण वर्गातल्या एका मुलाचा चेंडू चर्चच्या मागच्या करवंदीच्या जाळीत गेला. चेंडू मिळाला, पण हात चांगलाच ओरबाडला. मिस्सा संपल्यावर काही पालक म्हणाले, "फादर, ही जाळी तोडून टाकू या. सरळ भिंत घालू." तेवढ्यात एक आजी पुढे आल्या. "तोडू नका हो फादर! मग पोरांनी करवंदं कुठली खायची?"

मला दोघांचेही पटले. तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : जे आपल्याला बोचते, त्याची निगा आपण का राखावी?

करवंद हे आपल्या मातीतले झाड, कोकणातले आणि सह्याद्रीतले. पिकल्या फळाचे बी ताजे असतानाच रुजत घालावे लागते. ठेवून दिले की त्याची उगवणशक्ती लवकर जाते. रोप सुरुवातीला अगदी सावकाश वाढते. पहिले एक-दोन उन्हाळे त्याला पाणी द्यावे लागते. एकदा मूळ धरले की मुरमाड जमिनीतही ते तग धरते आणि दोन-तीन वर्षांनी फळ देऊ लागते. फळे संपल्यावर छाटणी केली की जाळी दाट होते. मग गुरे आत शिरत नाहीत आणि लहान पाखरांना आसरा मिळतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाच्या पापानंतर काट्यांचा उल्लेख येतो. त्यामुळे काटा म्हणजे शाप, असे आपण धरून चालतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे, की काटेरी झाडे पापाआधीही निर्मितीचा भाग होती. पापानंतर ती कष्ट करणाऱ्या माणसाला शिक्षा ठरली. म्हणजे काटा मुळात वाईट नाही. दिवंगत परमगुरू फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले, की प्रत्येक प्राणिमात्राला देवापुढे स्वतःचे मोल आहे. ते केवळ आपल्या उपयोगावरून ठरत नाही.

वनस्पतिशास्त्र आणखी एक गोष्ट सांगते. करवंदीचा काटा म्हणजे फांदीच्या शेंड्याचा कोंबच असतो. वाढायचे सोडून तो टोकदार होतो. आपल्या घरांतही अशी माणसे असतात. एखादे वडील सदा टाकून बोलतात, एखादी सून कोणाला जवळ येऊ देत नाही. त्यांचा कोंब कधी, कशाने खुंटला, हे आपण सहसा विचारत नाही.

पण इथे जपून बोलले पाहिजे. करवंदीला इच्छा नसते, माणसाला असते. करवंद कोणाच्या मागे धावत जाऊन टोचत नाही. कटू बोलणारा माणूस आणि हात उगारणारा माणूस यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाणारी एक भगिनी माझ्याकडे सल्ल्यासाठी आली होती. मी तिला प्रभूच्या काट्यांच्या मुकुटाची आठवण करून दिली आणि सोसायला सांगितले. ते शब्द आज मलाच बोचतात. येशूने तो मुकुट स्वतः स्वीकारला. दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर ठेवला नाही. तो अधिकार मला कोणी दिला होता?

म्हणून निगा राखणे म्हणजे निमूटपणे ओरबाडून घेणे नव्हे. माळी जाड हातमोजे घालतो, अंतर राखतो, वेळेवर छाटतो आणि तरीही झाड उपटत नाही. प्रेमालाही हातमोजे लागतात. कधी मध्ये कुंपण घालावे लागते, कधी मदत मागावी लागते. त्यात पाप नाही.

आपली जाळी राहील. मात्र मुलांच्या खेळण्याच्या बाजूने ती दोन हात मागे छाटू. यंदाची फळे संपली आहेत, छाटणीची वेळ हीच आहे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ज्यांना जमेल त्यांनी कोयता आणि हातमोजे घेऊन यावे. आणि घरात कोणी मार सोसत असेल, तर तिने किंवा त्याने माझ्याकडे जरूर यावे. या वेळी मी आधी नीट ऐकेन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू