मुठीचा डबा

ईस्टर झाला आणि तरुण संघाने पंच कमिटीपुढे अर्ज ठेवला. मे महिन्याच्या सुट्टीत विदर्भातल्या एका कुष्ठरोग रुग्णालयात सेवेला जायची परवानगी हवी होती. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातली ही मंडळी. बहुतेक घरं शेतमजुरांची, दोन-चार शिक्षकांची आणि एक अण्णांचं. अण्णा कांद्याचे व्यापारी, मोठी चाळ बाळगून असलेले, आणि हाताने सढळ.

अण्णा म्हणाले, "पाळकसाहेब, चर्चा कशाला? तिकिटं, जेवणखाण, टीशर्ट, बॅनर, सगळा खर्च माझ्याकडे लागला. पोरं खुशाल जाऊ द्या."

टाळ्या पडल्या. खजिनदाराने वही मिटली. तेवढ्यात महिला मंडळाच्या सिस्टर उभ्या राहिल्या. उभा जन्म मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून गेलेला, त्यामुळे सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणे.

"अण्णा, तुमचे पैसे आनंदाने घेऊ. पण त्या रुग्णालयाला काय हवंय, हे कुणी विचारलं का? आणि अर्जावर सहा नावं होती. सहावं खोडलंय, ते का?"

कुणी बोलेना. शेवटी तरुण संघाचा सेक्रेटरी म्हणाला, "बारक्याने स्वतःच खोडलं. मे महिन्यात तो रोजाने जातो. त्याच पैशांत कॉलेजची फी भरतो."

"कुठे जातो रोजाने?"

"अण्णांच्याच चाळीवर. कांदा भरायला."

अण्णांनी मान खाली घातली. सिस्टरांनी त्यांना टोचून बोलण्याचं टाळलं. त्या सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "तिकिटाची सोय झाली, पण बुडणाऱ्या रोजाचं काय? सेवेला जाण्याचा मान ज्यांच्या घरी खायला आहे त्यांच्याच पोरांना मिळायचा का?"

मग त्यांनी एक हकिकत सांगितली. दवाखान्यात त्यांच्या जोडीला एक मिझो परिचारिका होती. मिझोराममध्ये 1910 सालापासून ख्रिस्ती बायका स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ प्रभूसाठी बाजूला ठेवतात. घरोघरचे तांदूळ गोळा करून विकतात आणि ते पैसे सुवार्तेच्या कामाला लावतात. सुरुवातीला तिथल्या लोकांकडे नाणं फारसं नव्हतं, पण रोजचा भात होता. त्या भातातल्या मुठीवर त्यांनी आपले सेवक दूरदूर पाठवले.

पाळकसाहेबांनी त्यात भर घातली. "आपल्या मंडळीचं मूळही विद्यार्थ्यांतच आहे. 1806 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजच्या पाच विद्यार्थ्यांनी गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना केली. त्यातून पुढे 1810 साली अमेरिकन मिशन बोर्ड निघालं. 1813 मध्ये त्याची माणसं मुंबईला उतरली आणि 1831 मध्ये ते काम नगरला आलं. त्या विद्यार्थ्यांची नावं पुस्तकांत आहेत. पण बोस्टनच्या बायका 1802 पासूनच मिशनकार्यासाठी आठवड्याला एक-एक सेंट बाजूला काढत होत्या. त्यांतल्या बहुतेकींची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत."

त्या बैठकीत ठराव झाला. घरोघर एक डबा ठेवायचा. रोज स्वयंपाकाआधी तांदूळ, ज्वारी, बाजरी, जे घरात असेल त्याची एक मूठ त्यात टाकायची. रविवारी ते धान्य अर्पणाबरोबर वेदीपुढे आणायचं आणि उपासनेनंतर सुगीच्या सणासारखा त्याचा लिलाव करायचा. सहाजणांपैकी ज्याचा रोज बुडेल त्याला तो यातून भरून द्यायचा, मंडळीचा नियम म्हणून. म्हणजे घेणाऱ्याला खाली पाहायला नको.

रुग्णालयाला पत्र गेलं. आठवड्याने उत्तर आलं: भिंती रंगवायला माणसं मिळतात, आम्हाला रुग्णांचे पाय धुवायला धीराचे हात हवेत. फोटो काढू नका. जे पाळता येणार नाही असं वचन कुणाला देऊ नका. बॅनर तिथेच रद्द झाला. पाळकसाहेबांनी पोरांना बजावलं, "सेवेच्या बदल्यात कुणाकडून काही मागायचं नाही. कुणाला धर्म विचारायचा नाही."

पोरींच्या आया धास्तावल्या होत्या. सिस्टरांनी त्यांना समजावलं की औषध सुरू झालं की या रोगाचा संसर्ग थांबतो. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा उपचार असतो, तोही मोफत. राहतो तो बधिरपणा. नस मेलेली असते, त्यामुळे काटा रुतला, चटका बसला तरी पायाला कळत नाही आणि जखम चिघळत जाते. मग चर्चच्या ओसरीवर संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. घमेल्यात साधं पाणी घ्यायचं, गरम अजिबात नाही. पाय अर्धा तास भिजू द्यायचे. घट्टे खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासायचे आणि पाय ओला असतानाच तेल लावायचं. शेवटी तळवा उजेडात धरून बोटाबोटांतून पाहायचं. पोरांनी आधी एकमेकांचे पाय धुतले. नंतर गावातल्या म्हाताऱ्यांचे.

निघायच्या आदल्या रविवारी प्रत्येक पोराची जबाबदारी एकेका घराने घेतली. रोज रात्री आठ वाजता त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची आणि ठरल्या दिवशी फोन करायचा. बारक्या अण्णांच्या वाट्याला आला.

दुसऱ्या आठवड्यात रात्री बारक्याचाच फोन आला. "अण्णा, मला नाही जमत. मी परत येतो."

अण्णा लगेच तिकीट काढणार होते. पण तोंडातून वेगळंच निघालं, "काय झालं रे पोरा?"

एका बाबांच्या चपलेतून खिळा वर आला होता. तो तळव्यात रुतलेला असताना बाबा दिवसभर हिंडले होते, त्यांना पत्ताच नव्हता. बारक्याने जखम धुतली, पट्टी बांधायला मदत केली आणि बाहेर जाऊन ओकला. बाबांनी ते पाहिलं. आता बारक्याला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.

बारक्या बोलत राहिला, अण्णा ऐकत राहिले. मग गुडघे टेकून त्यांनी फोनवरच प्रार्थना केली, मोडकीतोडकी. लगोलग सिस्टरांच्या घरी जाऊन फोन त्यांच्या हाती दिला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "ओकारी मलाही यायची. उद्या सकाळी त्याच बाबांपासून सुरुवात कर."

बारक्या राहिला.

जूनच्या पहिल्या रविवारी सहाही जण परतले. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेश केला नाही, सगळा वेळ पोरांना दिला. बारक्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, तू पळाला नाहीस? तुला इथं पाठवलं तरी कुणी? मी म्हणालो, बाबा, माझ्या गावात रोज सकाळी एकेक मूठ बाजूला पडते, म्हणून मी इथं आहे. अण्णा रात्री आठ वाजता माझं नाव घेतात, म्हणून मी टिकलोय."

मागच्या बाकावर त्याची आई बसली होती. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणारी ती बाई रोज आपल्या घासातली मूठ डब्यात टाकत आली होती. पोराला पाठवणाऱ्यांत आपणही आहोत, हे तिला त्या दिवशी उमगलं.

अण्णा उठले. "आजपासून माझ्या घरीही डबा राहील. आणि माझ्या चाळीवरचं जे पोरगं पुढच्या मे महिन्यात सेवेला जाईल, त्याचा रोज चालू राहील."

तात्पर्य: सेवेला निघालेल्या पोरांना पैसे देऊन मोकळं होता येतं, पण त्याला पाठवणी म्हणत नाहीत. जाण्याआधी त्यांना तयार करणं, त्यांच्या वाटेतली घरची अडचण ओळखणं, ती दूर असताना रोज नाव घेणं आणि परतल्यावर निवांत ऐकून घेणं, हे घरी राहिलेल्यांचं काम आहे. तुमच्या मंडळीतली पोरं येत्या उन्हाळ्यात निघतील, तेव्हा त्यांच्या यादीत खोडलेलं एखादं नाव आहे का, ते आधी पाहा आणि त्या घरापासून सुरुवात करा.